एजंटने होम लोनच्या फॉर्ममध्ये चुका करून ठेवल्यात, आता काय करू?

नाशिकहून एका ताईंचं पत्र आलंय. बरंच मोठं आहे, त्यातला मुद्द्याचा भाग देते:

"आम्ही दोघं मिळून 48 लाखांचा फ्लॅट घेतोय, बिल्डरला 2 लाख टोकन दिलंय. मी प्रायव्हेट कंपनीत आहे, मिस्टरांचा फॅब्रिकेशनचा छोटा धंदा आहे. लोनसाठी मिस्टरांच्या मित्राचा मेव्हणा एजंट आहे त्याच्याकडे फाईल दिली आणि घाईघाईत कोऱ्या फॉर्मवर सह्या केल्या. एका बँकेने रिजेक्ट केलं. दुसऱ्या बँकेतून व्हेरिफिकेशनचा फोन आला तेव्हा कळलं की माझा हातात येणारा पगार 62 हजार लिहिलाय, तो खरं तर 51 हजार आहे. मिस्टरांच्या पॅनमधला एक आकडा चुकलाय, फ्लॅट बी विंगचा असताना सी विंग लिहिलंय आणि गाडीचं लोन चालू आहे त्याचा उल्लेखच नाही. त्याला विचारलं तर म्हणतो, वहिनी टेन्शन घेऊ नका, बँकेत आपली ओळख आहे, नव्वद टक्के लोन करून देतो. वर फाईल चार्जेस म्हणून 15 हजार मागतोय. माझा क्रेडिट रिपोर्ट चार बँकांनी बघितल्याचे मेसेज आलेत. ॲग्रीमेंट पुढच्या महिन्यात ठरलंय. मिस्टर म्हणतात मित्राला वाईट वाटेल. काय करू?"

ताई, सगळ्यात आधी आजच्या आज एक काम करा. त्या एजंटला व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा की आम्हाला विचारल्याशिवाय यापुढे कुठल्याही बँकेत फाईल लॉगिन करायची नाही, म्हणजे अर्ज द्यायचा नाही, आणि आत्तापर्यंत कुठे कुठे केली त्या बँकांची नावं, ब्रँच आणि ॲप्लिकेशन नंबर संध्याकाळपर्यंत पाठवा. फोनवर बोलू नका, बोललात तरी नंतर मेसेज टाका. कारण फोनवर तो "हो हो वहिनी" म्हणेल आणि तुमच्या हातात काहीच राहणार नाही.

आता मुळातली गोष्ट. मी बरीच वर्षं बँकेच्या कर्ज विभागात काम केलंय आणि एजंटच्या चुकीमुळे अडकलेली माणसं खूप बघितलीत. त्या सगळ्यांना वाटत असतं की चूक एजंटची आहे तर बँक एजंटला विचारेल. तसं होत नाही. फॉर्मवर खाली सही तुमची आहे, "वरील माहिती खरी आहे" हे वाक्य तुमच्या सहीच्या वर छापलेलं आहे, त्यामुळे क्रेडिटवाल्या, म्हणजे कर्जाची फाईल तपासणाऱ्या, माणसाच्या दृष्टीने ते तुमचं म्हणणं आहे. समोर फाईल बघणाऱ्याला माहीतच नसतं की सही आधी झाली आणि फॉर्म नंतर भरला गेला. म्हणून या चुका एजंटने दुरुस्त करायची वाट बघू नका, ज्याने चुका केल्या त्याच्याच हातून दुरुस्ती म्हणजे अजून चार चुका. दुरुस्ती तुम्ही स्वतः, थेट बँकेला, लेखी कळवायची.

तुम्ही सांगितलेल्या चार चुका एकसारख्या नाहीत हे लक्षात घ्या. विंग आणि पॅन या लिहिण्यातल्या चुका आहेत, त्यात कोणी तुमच्यावर संशय घेणार नाही, पण त्यांना किरकोळ समजू नका. पॅन चुकला की क्रेडिट रिपोर्ट एकतर सापडतच नाही किंवा भलत्याच माणसाशी गाठ पडते, मग कोणाचं तरी थकलेलं क्रेडिट कार्ड मिस्टरांच्या नावावर दिसतं आणि बँक नाही म्हणून मोकळी होते. पहिलं रिजेक्शन कदाचित यातूनच आलं असेल. विंग चुकली की बँकेचा वकील चुकीच्या फ्लॅटचा टायटल रिपोर्ट (मालकीचा अहवाल) देतो, व्हॅल्युएशनवाला चुकीच्या दारात जाऊन फोटो काढतो, आणि हे कोणाच्या लक्षात आलं नाही तर सँक्शन लेटरपासून (मंजुरीच्या पत्रापासून) गहाणाच्या नोंदीपर्यंत सगळीकडे सी विंग जाते. पैसे सुटल्यावर हे निस्तरायला किती खेटे घालावे लागतात ते ज्यांनी घातलेत त्यांना विचारा. आत्ता एका ईमेलमध्ये काम होतंय.

पगार आणि गाडीचं लोन मात्र वेगळ्या जातीच्या चुका आहेत. 51 चे 62 झाले हे कदाचित ग्रॉस (कपातीआधीचा पगार) आणि नेटचा (हातात येणारा) घोळ असेल, तुमची सॅलरी स्लिप बघा, ग्रॉस 62 च्या आसपास आहे का? असेल तर निष्काळजीपणा. नसेल तर त्याने मुद्दाम वाढवलंय. गाडीचं लोन लपवलं असेल तर तो म्हणेल की लोन जास्त बसावं म्हणून केलं, तुमच्या भल्यासाठीच केलं. ताई, असलं भलं कोणाचंच होत नाही. गाडीचा हप्ता क्रेडिट रिपोर्टमध्ये दिसतो, बँक स्टेटमेंटमध्ये दर महिन्याला कट होताना दिसतो, म्हणजे लपत तर नाहीच, उलट फॉर्ममध्ये नाही आणि रिपोर्टमध्ये आहे असं झालं की क्रेडिटवाल्याच्या मनात पहिला प्रश्न येतो की या लोकांनी अजून काय लपवलं असेल. तिथून पुढे तुमचा प्रत्येक कागद संशयाने बघितला जातो. आणि जर सॅलरी स्लिप किंवा आयटीआरमध्येच फेरफार करून कोणी जोडलं असेल तर तो सरळ फसवणुकीचा मामला होतो, त्यात कर्जदाराचं नाव पहिलं येतं. म्हणून बँकेकडे जमा झालेल्या कागदांची कॉपी मागून स्वतःच्या डोळ्यांनी बघा, विशेषतः मिस्टरांचे आयटीआर आणि बॅलन्स शीट, धंदेवाल्यांच्या फाईलमध्ये तिथेच हात मारला जातो.

बँकेला काय लिहायचं? साधं सरळ. विषयात ॲप्लिकेशन नंबर टाका आणि लिहा की "आमच्या अर्जात एजंटमार्फत पुढील माहिती चुकीची भरली गेली आहे हे आम्हाला अमुक तारखेला तुमच्या फोनवरून समजले. योग्य माहिती पुढीलप्रमाणे आहे, कृपया अर्जात दुरुस्ती करून योग्य पॅनवर क्रेडिट रिपोर्ट पुन्हा काढावा आणि दुरुस्त अर्जाची प्रत आम्हाला द्यावी." खाली प्रत्येक चुकीसमोर बरोबर माहिती, आणि सोबत तुमच्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, मिस्टरांच्या पॅनची कॉपी, बिल्डरचं अलॉटमेंट लेटर आणि गाडीच्या लोनचं स्टेटमेंट जोडा. एजंटवर राग काढणारी वाक्यं यात नकोत, तो वेगळा विषय आहे. ईमेल ब्रँच मॅनेजरला आणि बँकेच्या कस्टमर केअरला दोन्हीकडे करा, प्रिंट काढून ब्रँचमध्ये द्या आणि कॉपीवर तारखेसह पोच घ्या. शक्य असेल तर दोघंही जा. होम लोनच्या डेस्कवरच्या माणसाला समोर बसलेलं नवरा-बायकोचं जोडपं आणि हातात नीट लावलेले कागद दिसले की त्याचाही सूर बदलतो, हे मी अगदी मनापासून सांगते.

आणि बँकेने फॉर्म नव्याने भरून द्या म्हटलं तर आनंदाने द्या. फक्त यावेळी प्रत्येक रकाना तुमच्या अक्षरात, रिकामा राहील तिथे आडवी रेघ, आणि सही शेवटी. सही केलेल्या प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो. त्या जुन्या कोऱ्या फॉर्मपैकी एजंटकडे काही शिल्लक असतील तर परत मागा, आणि सही केलेले कॅन्सल न केलेले चेक दिले असतील तर तेही.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलंच नाहीये पण मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती गोष्ट. तो म्हणतोय नव्वद टक्के लोन करून देतो. ताई, ते होणार नाही, कोणाची कितीही ओळख असली तरी. रिझर्व्ह बँकेचा नियम असा आहे की 30 लाखांपर्यंतच्या होम लोनला घराच्या किमतीच्या 90 टक्क्यांपर्यंत देता येतं, 30 ते 75 लाखांमधल्या लोनला 80 टक्क्यांपर्यंत आणि 75 लाखांच्या वर 75 टक्क्यांपर्यंत. 48 लाखांचे नव्वद टक्के म्हणजे 43 लाख 20 हजार, आणि एवढं लोन 80 टक्क्यांच्या गटात जातं. म्हणजे तुम्हाला जास्तीत जास्त 38 लाख 40 हजार मिळू शकतात, तेही तुमच्या उत्पन्नात हप्ता बसला तर आणि बँकेच्या व्हॅल्युएशनमध्ये किंमत 48 लाखच धरली गेली तर. स्टँप ड्युटी आणि रजिस्ट्रेशनचा खर्च यात धरत नाहीत (10 लाखांपर्यंतच्या घरांना सूट आहे, तुम्हाला नाही), तो पूर्ण तुमच्या खिशातून. तुम्ही जर नव्वद टक्क्यांच्या हिशोबाने पाच लाखांची तयारी करून बसला असाल तर प्रत्यक्षात साडेनऊ लाखांच्या वर लागतील, शिवाय स्टँप ड्युटी. हा फरक ॲग्रीमेंटच्या आदल्या आठवड्यात कळला तर माणूस सोनं मोडतो, नातेवाईकांपुढे हात पसरतो. त्यामुळे आजच दोघं वही घेऊन बसा आणि हा आकडा जमतोय का बघा.

यावर एजंट म्हणेल की वरचे पाच लाख पर्सनल लोन करून देतो. त्याला ठाम नाही म्हणा. पर्सनल लोनचा हप्ता होम लोनच्या पात्रतेतून वजा होतो, आणि बँकेला तुमचा स्वतःचा हिस्सा खरंच स्वतःचा हवा असतो, उसना नाही. 38 लाखांना 20 वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी जवळजवळ 33 हजार हप्ता येतो, त्यात गाडीचा हप्ता मिळवा, आणि तुमच्या 51 हजारांसोबत मिस्टरांचं आयटीआरमध्ये दाखवलेलं उत्पन्न धरा. बँका साधारण हातातल्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या आसपास सगळे हप्ते मिळून बसवतात. गाडीचं लोन थोडंच राहिलं असेल तर ते फेडून एनओसी (कर्ज फिटल्याचा दाखला) घेणं हा खरा उपाय आहे, लपवणं नव्हे.

चार बँकांनी रिपोर्ट बघितला त्याचं काय, तर घाबरू नका. लोनसाठी केलेली प्रत्येक चौकशी रिपोर्टमध्ये नोंदली जाते आणि थोड्या दिवसांत बऱ्याच झाल्या की स्कोअर थोडा उतरतो, हप्ते वेळेवर जात राहिले तर काही महिन्यांत सावरतो. पण पुढची पाचवी नोंद होऊ देऊ नका, म्हणून तो पहिला मेसेज. भारतात चार क्रेडिट कंपन्या आहेत, ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, प्रत्येकीने वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो. दोघांचेही काढा. त्यात चुकीच्या पॅनमुळे दुसऱ्याचं खातं चिकटलेलं दिसलं तर तिथेच ऑनलाइन तक्रार नोंदवा, 30 दिवसांत निकाल लावणं बंधनकारक आहे आणि त्याहून उशीर झाला तर दर दिवसाला 100 रुपये भरपाई द्यायचा नियम आहे. तुम्ही संमतीच दिली नव्हती अशा बँकेची चौकशी दिसली तर त्या बँकेलाही लिहा.

ज्या बँकेने रिजेक्ट केलं तिच्याकडून कारण लेखी मागा. नाकारण्याची मुख्य कारणं लेखी सांगणं बँकांवर बंधनकारक आहे, लोन केवढंही असो. बऱ्याच जणांना हे माहीत नसतं आणि ते एजंटच्या "त्यांची पॉलिसी बदलली" वर विश्वास ठेवतात. कारण चुकीच्या पॅनचं किंवा लपवलेल्या लोनचं निघालं तर तो कागद पुढच्या तक्रारीत फार कामाला येईल. प्रोसेसिंग फी भरली असेल तर अर्ज नाकारला गेल्यावर त्यातलं किती परत मिळतं ते फॉर्ममध्ये लिहिलेलं असायला हवं, तेही विचारा.

पंधरा हजार अजिबात देऊ नका. डीएसएला, म्हणजे बँकेने नेमलेल्या लोन एजंटला, कमिशन बँक देते, लोन सुटलं की सुटलेल्या रकमेवर. म्हणूनच तर त्याला लोन मोठं हवं असतं आणि लवकर हवं असतं, फॉर्म बरोबर आहे की नाही यात त्याचा जीव गुंतलेला नसतो. बँकेची फी असेल तर ती बँकेच्या खात्यात, बँकेच्या पावतीने. रोख किंवा त्याच्या पर्सनल यूपीआयवर काहीच नाही. आधीच काही दिलं असेल तर त्याचा स्क्रीनशॉट जपून ठेवा.

हा माणूस खरंच त्या बँकेचा नेमलेला एजंट आहे का हेसुद्धा ब्रँचमध्ये विचारा. असेल तर रिझर्व्ह बँकेच्या आउटसोर्सिंगच्या नियमांप्रमाणे त्याच्या कामाची जबाबदारी बँकेची आहे, "तो आमचा माणूस नाही" असं म्हणून बँकेला हात झटकता येत नाहीत. दुरुस्तीचा अर्ज देऊनही बँकेने काही केलं नाही तर आधी बँकेच्या तक्रार विभागात लेखी तक्रार, 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर, फुकट, वकील लागत नाही. माहितीसाठी 14448 हा नंबर आहे. लोन बँकेऐवजी हाउसिंग फायनान्स कंपनीचं असेल तर तक्रार नॅशनल हाउसिंग बँकेच्या ग्रिड्स पोर्टलवर जाते. तुमच्याकडे वेळ कमी आहे म्हणून मी तक्रारीने सुरुवात करा म्हणणार नाही, आधी दुरुस्ती, घर मार्गी लागू दे, तक्रार नंतरही करता येते. पण कागद आत्तापासून गोळा करा.

सँक्शन आल्यावर बँक तुम्हाला की फॅक्ट स्टेटमेंट देईल, 1 ऑक्टोबर 2024 पासून मंजूर होणाऱ्या सगळ्या रिटेल लोनना ते द्यावंच लागतं आणि तुम्हाला समजेल अशा भाषेत द्यावं लागतं, तेव्हा मराठीत मागा. त्यात व्याजदर, सगळे चार्जेस धरून पडणारा वार्षिक दर, हप्ता, सगळं असतं, आणि त्यात नसलेला चार्ज तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. विचार करायला किमान तीन कामाचे दिवस मिळतात. ते पूर्ण वापरा. नाव, पॅन, विंग, फ्लॅट नंबर, रक्कम, मुदत सगळं बोट ठेवून वाचा. आणि इन्शुरन्सचा रकाना नक्की बघा, ज्या एजंटने कोऱ्या फॉर्मवर सह्या घेतल्या त्याने लोनच्या विम्याची एकरकमी पॉलिसी टिक करून ठेवली असण्याची शक्यता मला वाटते, ती रक्कम लोनमध्येच मिळवतात आणि 20 वर्षं तिच्यावर व्याज भरावं लागतं. विमा वाईट नाही, कमावतं माणूस असेल तर घ्यावाच, पण तुम्ही ठरवून, दोन ठिकाणी चौकशी करून. चुकून निघालाच तर पॉलिसी हातात आल्यापासून 30 दिवसांत परत करता येते.

मिस्टरांच्या मित्राचं आता. तुमच्या मिस्टरांची अडचण मला कळते, धंद्यातली माणसं ओळखींवर उभी असतात आणि उद्या परत त्याच मित्राशी काम पडणार असतं. पण त्यांना हे सांगा की आपण एजंटशी भांडत नाही आहोत, आपण आपला अर्ज बरोबर करतोय. मित्राला त्यांनी स्वतः फोन करून सांगावं, एजंटकडून तिखटमीठ लावून कळायच्या आधी: "अरे, फॉर्ममध्ये बऱ्याच चुका निघाल्या, बँकेने आम्हालाच विचारलं, म्हणून आता आम्ही बँकेशी डायरेक्ट बोलतोय, तुझ्या मेव्हण्याबद्दल मनात काही नाही." एवढ्यावर जो मित्र तुटेल त्याची मैत्री 20 वर्षांच्या हप्त्यापेक्षा जड नाही असं मला वाटतं. आणि एजंटने राग धरून "मग फाईल काढून घेतो" म्हटलं तर घेऊ दे, दुरुस्त केलेला अर्ज तुम्ही स्वतः ब्रँचमधून त्याच बँकेत देऊ शकता, किंवा जिथे तुमचा पगार जमा होतो त्या बँकेत. मी तुमच्या जागी असते तर पगाराच्या बँकेतच गेले असते, कारण तिथे तुमच्या खात्याची हालचाल त्यांच्या समोरच असते आणि निम्मे कागद कमी लागतात.

राहिली बिल्डरची तारीख. ॲग्रीमेंट रजिस्टर करायची घाई सँक्शन लेटर हातात येईपर्यंत करू नका. स्टँप ड्युटी भरून झाल्यावर लोन कमी बसलं तर मागे फिरणं फार महाग पडतं. बिल्डरला आजच ईमेल करा की बँकेची प्रोसेस चालू आहे, तीन-चार आठवडे वाढवून द्या, आणि लोन मंजूर न झाल्यास टोकन परत मिळेल हे लेखी द्या. टोकनच्या पावतीवर याबद्दल आधीच काही लिहिलंय का तेही बघा. ॲग्रीमेंट रजिस्टर झाल्याशिवाय किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम मागायला रेरा कायद्यात मनाई आहे, तेव्हा 4 लाख 80 हजारांच्या वर तो आत्ता मागू लागला तर द्यायची नाही. बहुतेक बिल्डर मुदत वाढवून देतात, त्यांनाही फ्लॅट विकायचाच असतो. बँकेला दिलेल्या दुरुस्ती अर्जाची पोच त्या ईमेलला जोडा, म्हणजे तुम्ही टाळाटाळ करत नाही हे त्याला दिसेल. बँकेचं उत्तर आलं की मला परत लिहा, सँक्शन लेटर आपण नीट बघू.